कडीबाबत उचित कार्यवाही

मुलींच्या स्वच्छतागृहात तीन दारं होती. त्यांपैकी मधल्या दाराची कडी एका सोमवारी निखळून पडली. घटना एवढीच. पूर्वी असं काही झालं की शाळेचा शिपाई चार स्क्रू पिळून कडी बसवत असे आणि त्याची नोंद कुठेही होत नसे. पण आता शाळेला विद्यार्थी सुरक्षा व हक्क धोरण होतं. शहाऐंशी पानी, गुळगुळीत कागदावर छापलेलं. मुखपृष्ठावर हसऱ्या मुलांचा फोटो होता. ती मुलं या शाळेतली नव्हती, कारण या शाळेतल्या मुलांचे फोटो छापायला धोरणाच्या चौथ्याच कलमात बंदी होती.

धोरणाची अंमलबजावणी चित्रकलेच्या बाईंकडे होती. "तुम्हाला मुलांची आवड आहे," मुख्याध्यापक म्हणाले होते, "आणि तुमचे तासही कमी आहेत." बाई भिडस्त. वीस वर्षांत त्यांनी मुख्याध्यापकांना 'नाही' म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं, मुख्याध्यापकांनी तर नाहीच. त्यांनी 'समन्वयक' असं लिहिलेलं ओळखपत्र गळ्यात अडकवलं आणि त्याची दोरी रंगाच्या डब्यात बुडू नये म्हणून ते पाठीवर टाकून त्या शिकवू लागल्या.

कडीची खबर सातवीतल्या एका मुलीने आणली. वर्गात तिला सगळे 'शंका' म्हणत, कारण तिचं प्रत्येक वाक्य "एक शंका आहे"ने सुरू होई.

"बाई, मधल्या दाराची कडी तुटलीय."

"शिपाईकाकांना सांग की."

"सांगितलं. ते म्हणाले, आता लेखी लागतं. नाहीतर त्यांनाच विचारतात, तुम्ही का हात लावला."

बाईंनी कपाटातून तक्रार अर्ज काढून दिला. शंकाने तो तिथेच उभ्या उभ्या भरायला घेतला. घटनेचा प्रकार : शारीरिक, मानसिक, डिजिटल की इतर? तिने 'इतर'वर खूण केली. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं नाव?

"इथे कुणाचं लिहू?"

"कडी लिही."

"आणि दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हवेत म्हणे. बाई, एक शंका आहे. आत साक्षीदार असते, तर कडी कशाला लागली असती?"

बाईंना हसू फुटलं. मग कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून त्यांनी दाराकडे बघितलं आणि अर्जावर 'प्राप्त'चा शिक्का मारला.

धोरणात तक्रारदाराला प्रोत्साहन देण्याची तरतूद होती. त्यानुसार गुरुवारी परिपाठाच्या वेळी मुख्याध्यापकांनी माईक हातात घेतला. "आपल्या एका धाडसी विद्यार्थिनीने सुरक्षेबाबत तक्रार नोंदवली आहे. तिची ओळख संपूर्ण गुप्त ठेवण्यात येईल. सातवी ब, खिडकीजवळचा दुसरा बाक. ये बाळ, पुढे ये."

टाळ्या झाल्या. प्रमाणपत्र दिलं गेलं. मधल्या सुट्टीपर्यंत शंकाचं नाव बदलून 'कडी' झालं होतं, आणि ती स्वच्छतागृहाच्या दिशेने वळली की मागच्या बाकावरची पोरं जिभेने 'खट्ट' असा आवाज काढत. दोन दिवसांनी तिने त्या दिशेला वळणंच सोडलं.

त्यानंतर चौकशी समिती नेमली गेली. समितीत पाच सदस्य, पाचही पुरुष. शाळेत बायका होत्या, पण त्या परीक्षेच्या कामात होत्या. पुरुषांना मुलींच्या स्वच्छतागृहात जायला कलम नऊनुसार मनाई होती, आणि बाई जाऊ शकत होत्या तरी समन्वयकाने तटस्थ राहायचं असल्यामुळे जाऊ शकत नव्हत्या. शेवटी समितीने बाहेर, पायरीवर उभं राहून पाहणी केली. भिंत सुस्थितीत असल्याचा निष्कर्ष एकमताने निघाला.

बैठक तिथेच संपली असती. पण पी.टी.च्या सरांनी धोरण घरी नेऊन वाचलं होतं, आणि वाचलेल्या माणसाला ते वाया जाऊ द्यायचं नसतं.

"कलम चौदा," ते म्हणाले. "'कोणत्याही विद्यार्थ्यास कडी लावलेल्या बंद जागेत ठेवता कामा नये.'"

धोरणाची प्रत टेबलाभोवती हातोहात फिरली.

"म्हणजे मधलं दार," मुख्याध्यापक सावकाश म्हणाले, "हेच एकमेव नियमात बसणारं दार आहे?"

"तसंच दिसतंय."

"आणि बाकीच्या दोन दारांना कड्या आहेत? कधीपासून?"

"इमारत बांधल्यापासून," इतिवृत्त लिहायला बसलेल्या बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी कपाळावरचा घाम पुसला. "इतकी वर्षं आपण मुलींना कोंडत होतो आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही!"

"सर, त्या आतून लावतात," बाई हळूच म्हणाल्या.

"स्वतःच स्वतःला कोंडतात? हे तर जास्तच गंभीर आहे."

त्याच दुपारी उरलेल्या दोन्ही कड्या काढल्या गेल्या. अहवालात नोंद झाली : 'तक्रारीचे निराकरण केले. तिन्ही दारांना आता समान दर्जा आहे.' खाली बाईंची सही होती. ती करताना पेन दोनदा अडलं, पण पेनातली शाई संपलेली नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं.

मुली काही शहाऐंशी पानांवर विसंबून बसलेल्या नव्हत्या. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेरून दार धरायचं, अशी त्यांनी आपली आपण सोय लावली. ती आठवडाभर टिकली. मग पी.टी.च्या सरांना कलम बावीस सापडलं : एका वेळी एकच विद्यार्थिनी. त्यांनी पायरीजवळ शिट्टी घेऊन एक देखरेख करणारी मावशी बसवली. आता मुलींनी शेवटचा उपाय केला. त्यांनी पाणी पिणं सोडलं.

महिनाअखेरीस बाईंनी तक्ता भरला. प्रलंबित तक्रारी : निरंक. घटना : निरंक. वरच्या कार्यालयाकडून कौतुकाचं पत्र आलं. स्वच्छतागृहाचा वापर नव्वद टक्क्यांनी घटल्याने धोकाही त्याच प्रमाणात घटला आहे, हा प्रयोग इतर शाळांनी अनुकरणीय मानावा, असं त्यात म्हटलं होतं. मुख्याध्यापकांनी ते पत्र चौकटीत बसवून दर्शनी भिंतीवर लावलं.

पुढच्या बुधवारी, चित्रकलेच्या तासाला, शंका बाकावरून खाली घसरली. रंगाच्या पाण्याचा डबा कलंडून निळं पाणी फरशीभर पसरलं. बाई धावल्या. पोरीचं अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ कोरडे पडलेले.

"बाई," वर्गप्रतिनिधी उभी राहून म्हणाली, "तुम्ही तिला हात लावताय. स्पर्श-संमतीचा अर्ज आणू का ऑफिसातून?"

"पाणी आण!" बाई ओरडल्या. इतक्या मोठ्याने, की शेजारच्या वर्गातला पाढा मधेच थांबला.

शंकाने डोळे किलकिले केले. ग्लास ओठांना लागला तशी तिने मान फिरवली. "नको बाई. प्यायलं की मग जावं लागतं."

बाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती : त्या तक्त्यात 'निरंक' हा शब्द आपण किती वळणदार अक्षरात लिहिला होता!

दुसऱ्या दिवशी शंकाची आई आली. ती बसमध्ये कंडक्टर होती. खाकी गणवेशातच आली, कारण अर्ध्या तासात तिला पुढच्या फेरीला पोचायचं होतं.

"लघवीला इन्फेक्शन झालंय तिला. डॉक्टर म्हणाले, तुंबवून धरते."

"आम्ही तिला समुपदेशन देऊ," मुख्याध्यापक म्हणाले. "आठ सत्रांचं. तुंबवून धरण्यामागची मानसिकता..."

"समुपदेशन राहू द्या साहेब. कडी द्या."

"ताई, कडीला धोरणात जागा नाही."

"मी दिवसभर बसमध्ये उभी असते," ती म्हणाली. "वाटेत कुठे सोय नसते. पाणी न पिता दिवस काढायची सवय मला नोकरीने लावली, तिशीनंतर. हिला बारा वर्षांची असताना शाळेने लावायची?"

"तुमच्या भावना मी पुनरावलोकन समितीपुढे ठेवतो," मुख्याध्यापक म्हणाले आणि त्यांनी घंटा वाजवली. कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाईंकडे तिने जाताना एकदा पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर बाई हार्डवेअरच्या दुकानात गेल्या. "आतून लावायच्या तीन कड्या द्या. लहान मुलींच्या हाताला पोचतील अशा." दुकानदाराने पुडीत स्क्रू बांधून दिले आणि एक पेचकस उधार दिला. रिकाम्या शाळेत परतल्यावर ब्रशला सरावलेला हात पेचकसालाही वळला. तिसरी कडी बसल्यावर बाई खातरजमा करायला आत गेल्या, दार लोटलं, कडी सरकवली. ती लागली. त्या तशाच मिनिटभर उभ्या राहिल्या. वीस वर्षांत शाळेच्या आवारातली ही पहिली जागा होती, जिथे त्यांना कुणी परिपत्रक आणून देऊ शकत नव्हतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळापाशी मुलींची रांग लागली.

मंगळवारी नोटीस निघाली. 'अनधिकृत व्यक्तीने मुलींच्या स्वच्छतागृहात शिरून दारांच्या मूळ स्थितीशी छेडछाड केल्याचे निदर्शनास आले आहे.' अशा नोटिसा समन्वयकांमार्फतच काढायच्या असल्यामुळे बाईंनी ती टंकलिखित केली, जावक क्रमांक टाकला आणि प्रत पालकांच्या ग्रुपवर पाठवली.

ग्रुपवर ती दुपारपर्यंत फिरली आणि फिरता फिरता झिजली. आधी 'दारांच्या' गेलं, मग 'मूळ स्थितीशी' गेलं. चार वाजता उरलं ते एवढंच : अनधिकृत व्यक्ती, मुलींचं स्वच्छतागृह, छेडछाड. पाच वाजता दीडशे पालक शाळेच्या सभागृहात होते.

"तो माणूस कोण आहे? नाव सांगा!" एकजण ओरडला.

बाई उभ्या राहिल्या. "मी आहे. मी कड्या बसवल्या. आत कड्या नव्हत्या."

दीडशे माणसं मनात एकेका गुंडाला चोपायची तयारी करून आली होती आणि पुढ्यात चष्मा लावलेली चित्रकलेची बाई उभी होती. कंडक्टर आई मागून म्हणाली, "चांगलं केलंत बाई."

"चांगलं काय? कुणाला विचारून बसवल्या?" पुढच्या रांगेतल्या एका वडिलांनी विचारलं.

"कुणालाच नाही."

"वा! आज ह्यांनी कडी बसवली. उद्या कुणीही येईल आणि काहीही बसवेल!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आलेला राग कुठेतरी खर्ची घालायलाच हवा होता. नियम आणखी कडक करा, अशी मागणी झाली. मुख्याध्यापक लोकशाहीवादी असल्यामुळे त्यांनी ती तत्काळ मान्य केली. सुधारित धोरण दोनशे दहा पानांचं होतं आणि छापून तयार होतं. कड्या उद्याच निघणार होत्या, स्वच्छतागृहाला पुढील आदेशापर्यंत कुलूप लागणार होतं आणि बाईंचं समन्वयकपद काढून घेण्यात आलं होतं. आजच्यापुरतं त्यांनी टेबलाशी थांबून सह्या गोळा करायच्या होत्या.

रांग भराभर पुढे सरकत होती. "कुठे करायची?" एवढंच लोक विचारत. बाई शेवटचं पान काढून बोट ठेवत, आणि पेन पुढच्या हातात जाई.

कंडक्टर आईची पाळी आली. तिने बाईंच्या बोटाखालून गठ्ठा ओढून घेतला, पहिलं पान काढलं, खुर्ची सरकवली आणि वाचायला बसली. एक ओळ, मग दुसरी. बोट फिरवत, ओठ हलवत.

रांग थांबली. "अहो, काय झालं पुढे?" कुणीतरी विचारलं.

"वाचतायत," बाई म्हणाल्या.

"वाचतायत?"

हा शब्द रांगेत मागेपर्यंत गेला आणि प्रत्येक तोंडात थोडा थोडा तापत गेला. पाचव्या पानाशी आई थांबली. "बाई, मुलांचे हक्क कुठल्या पानावर आहेत?"

"परिशिष्टात."

"ते कुठंय?"

"छापायचं राहिलंय."

तेवढ्यात मागून एक गृहस्थ वैतागून पुढे आला. त्याच्या हातात पेन उघडं होतं. इस्त्रीचा शर्ट, वाचायचा चष्मा, आवाजात शिक्षण. गुंडबिंड अजिबात नव्हे. कुणालाही आपल्यातलाच वाटावा असा सभ्य माणूस.

"ताई, सही करा आणि व्हा बाजूला," तो म्हणाला. "मुलांच्या भल्यासाठीच लिहिलंय ना सगळं? त्यात वाचायचं काय?"

बाईंनी आईसमोरचं पान सरळ केलं आणि टेबलावरचा दिवा तिच्या बाजूला वळवला. त्या गृहस्थाने दुसरी प्रत उचलली, उलटी उघडली आणि सही ठोकली. मग त्याच्या मागच्यांनीही.