चारच्या बसचं म्हातारपण

सुनीलकुमारनं रजा काढली होती ती झोपायला. पण त्याच्या लेकीला, तेजश्रीला, बीदरच्या चित्रस्पर्धेसाठी ‘वार्धक्य’ या विषयावर समोर माणूस बसवून चित्र काढायचं होतं आणि ते चारच्या बसनं पाठवायचं होतं. औरादमधल्या त्या घरात आयत्या सुरकुत्या फक्त आजीकडे होत्या. मग कसली झोप अन् कसलं काय.

“आज्जी, हाय तशी बस.”

“हाय तशी कामून?” अंबुबाईनं पदर सावरला. “मी मेल्यावर हेच भिंतीला लावणार की तुमी, हार घालून. येणारे-जाणारे बघत्याल.”

“म्हातारपण थकल्यालं दिसायला पायजे, आज्जी. नंबर तवाच येतो.”

“थकल्यावर कोण चित्र काढून घेतंय? सुनील, बाबा, काळी मेंदी घिऊन ये.”

सुनीलकुमार उन्हातून मेंदी घेऊन आला. केस काळे झाले, तर त्यांच्याखाली जुनं लुगडं शोभेना. तो इस्त्रीला दिलेली इरकल आणायला गेला. इरकल नेसल्यावर बोळकं तोंड डोळ्यांवर यायला लागलं. कवळी दुरुस्तीला दिलेली होती, तीही त्यानंच आणली. ती बसवली अन् गाल भरून आले.

“आज्जी, तू तर अम्माची बहीण दिसायलीस,” तेजश्रीला रडू फुटलं. “सुरकुती न्हाई एक. आता काय काढू मी?”

“मग चांगलंच हाय की.”

तीन वाजत आले होते. तिसऱ्या खेपेहून आलेला सुनीलकुमार उंबऱ्यावर बसला तो बसलाच. चपला काढायचंही त्राण त्याच्यात नव्हतं. तेजश्रीनं डोळे पुसले, त्याच्याकडे बघितलं आणि कागद लावलेली फळी वळवली.

“अप्पा, हलू नका.”

“मी कुठं हलायलोय,” तो म्हणाला.

आठवड्यानं चित्र पहिलं बक्षीस घेऊन परत आलं. परीक्षकांनी मागे लिहिलं होतं, ‘पंच्याहत्तरीचा थकवा डोळ्यांत अचूक उतरला आहे. आजोबांना नमस्कार सांगावा.’

सुनीलकुमारला सत्तेचाळिसावं चालू होतं. त्यानं ते दोनदा वाचलं.

अंबुबाईनं चित्र जवळ घेऊन बघितलं, मग लांब धरून बघितलं. तिला वाईट वाटलं.

“माझं लेकरू माझ्याहून म्हातारं झालं की,” ती म्हणाली. कोनाड्यातून मेंदीचं उरलेलं पाकीट काढून तिनं भिजवलं आणि त्याला पुढ्यात बसवलं.

अर्धं डोकं होईपर्यंत तो बसल्या जागी घोरायला लागला. राहिलेलं अर्धं करायचं तर त्याला हलवावं लागलं असतं. अंबुबाईनं वाटी बाजूला ठेवली.