डोळे मिटल्याची गैरहजेरी

रेइनो कांगस यांना वकिलीची सनद टिकवण्यासाठी आता एकच तास हवा होता, आणि तो मनःस्वास्थ्याचा होता.

मिनेसोटात वकिलांना दर तीन वर्षांनी ठरावीक तासांचं शिक्षण पुन्हा घ्यावं लागतं. नीतिमत्तेचे तास कांगस यांनी आदल्या दिवशी संपवले होते. पूर्वग्रहांचे तास त्याआधीच झाले होते. आपल्या मनात नकळत कोणाकोणाविषयी आकस असतो याचा विचार करायला तिथे सांगितलं, तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि त्यांना फक्त फ्रँक झुपान आठवला. झुपान हा सरोवराकाठच्या त्या गावातला दुसरा वकील.

उद्या सकाळी कोर्टात समोर झुपानच उभा राहणार होता. आयली तोर्विनेन या विधवा बाईंचा सौना, म्हणजे सासऱ्यांनी बांधलेली लाकडी वाफेची खोली, शेजारच्या एल्मर हौतालाच्या जमिनीत दोन फूट गेला होता आणि एल्मरला तो पाडायचा होता. आज पाचच्या आत मनःस्वास्थ्याचा तास नोंदवला गेला नाही, तर कांगस यांची सनद स्थगित होणार होती. मग आयलीबाईंच्या बाजूनं कोर्टात उभं राहायला कोणीच उरलं नसतं.

दुपारी दोनचा तास संगणकावर सुरू झाला. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज मऊ होता. "डोळे मिटा," त्या म्हणाल्या. "समोरचा पडदा विसरा. मी सांगेपर्यंत उघडू नका."

कांगस यांनी डोळे मिटले. ते सांगितलेलं ऐकणाऱ्या लोकांपैकी होते. बाईंनी सांगितल्यावर त्यांनी डोळे उघडले, तेव्हा पडद्यावर ओळ होती : आपण अनुपस्थित होता. तास नोंदवला गेला नाही.

त्यांची कारकून मार्लिस ब्रेके कॉफी घेऊन आत आली आणि थबकली. "चेहरा असा शांत का दिसतोय तुमचा? बरं वाटत नाहीये का?"

"मार्लिस, मदतीचा नंबर लाव."

पलीकडचा तरुण नम्र होता. "सर, 'आपण आहात का?' असं बटण मधूनमधून येतं. तुम्ही एकदाही दाबलं नाहीत."

"डोळे मिटायला सांगितलं होतं."

"ते बाईंनी सांगितलं, सर. बटण आमचं असतं."

"बाकीच्यांनी काय केलं?"

"सगळ्यांनी दाबलं."

"म्हणजे कोणीच डोळे मिटले नव्हते?"

"ते आम्ही तपासत नाही, सर. साडेतीनला हाच तास परत दाखवणार आहोत. त्याला बसा."

मार्लिसनं खुर्ची ओढली. "यात काय एवढं? तुम्ही मिटा डोळे, मी दाबते बटण."

"ती लबाडी होईल. कालच नीतिमत्तेचे तास केलेत मी."

"केलेत? तेव्हा तर तुम्ही मला तोर्विनेनबाईंचा मसुदा सांगत होता!"

"एक कान तिकडे होता."

शेवटी तोडगा निघाला. बटण आलं की मार्लिसनं खांद्याला हात लावायचा आणि दाबायचं मात्र कांगस यांनी स्वतः. यात लबाडी कुठे आहे ते कांगस यांनी दोनदा तपासलं. सापडली नाही.

तोडग्यात त्रुटी एवढीच होती, की मार्लिसलाही कान होते. गेली कित्येक वर्षं या कार्यालयात तिला कोणी 'जरा टेका' असं म्हटलं नव्हतं. साडेतीनचा तास सुरू झाला. बाई म्हणाल्या, "खांदे सैल सोडा." मार्लिसनं सोडले. "दिवसभर ओढलेलं ओझं खाली ठेवा." मार्लिसनं तेही ठेवलं, आणि थोड्याच वेळात ती बारीक घोरू लागली.

आयलीबाई उद्याची तयारी विचारायला आल्या. हातात वेलदोडा घातलेला घरचा गोड पाव होता. दार उघडंच होतं. आत वकील आणि कारकून हात मांडीवर उताणे ठेवून, डोळे मिटून शेजारीशेजारी बसले होते. अशा वेळी हाक मारणं आयलीबाईंना प्रशस्त वाटलं नाही. त्या टेबलाच्या कडेला टेकल्या आणि वाट बघू लागल्या.

तास संपला तेव्हा कांगस यांनी डोळे उघडले. पडद्यावर अभिनंदन होतं.

"मार्लिस! झालं!"

मार्लिस दचकून जागी झाली. "काय झालं? मी कधी हात लावला?"

तिनं हात लावलाच नव्हता. दोघांनी एकदम आयलीबाईंकडे पाहिलं.

"ते सारखं विचारत होतं, आहात का, आहात का," आयलीबाई म्हणाल्या. "तुम्ही कोणी बोलेना. मी होते, म्हणून दाबलं. काही चुकलं का रे?"

पडद्यावर शेवटची चौकट उरली होती : मी उपस्थित होतो आणि प्रत्येक बटण मी स्वतः दाबलं, असं शपथेवर सांगतो. कांगस यांचं बोट तिथे पोचलं आणि थांबलं.

"दाबा आता," मार्लिस कुजबुजली. "पाचला थोडाच वेळ उरलाय."

त्यांनी फोन उचलला आणि त्या नम्र तरुणाला सगळं सांगितलं.

"बटण कोणी दाबलं ते आम्हाला दिसत नाही, सर."

"मी सांगतोय ना."

"सांगितलंत म्हणून आता रद्द करावं लागेल. सांगायला नको होतं, सर."

"हा सल्ला तुम्ही एका वकिलाला देताय?"

"इतर वकिलांना द्यावा लागत नाही, सर."

तास रद्द झाला. पाच वाजले. कांगस यांनी चष्मा पुसला आणि ते आयलीबाईंकडे वळले. "आयलीबाई, उद्या मला कोर्टात उभं राहता येणार नाही. तुमचा सौना धोक्यात आलाय. दोष सर्वस्वी माझा आहे."

"उद्या कोणालाच उभं राहायचं नाहीये," आयलीबाई पाव कापत म्हणाल्या. "मी एल्मरला फोन केला."

"कधी?"

"तुम्ही बसला होतात तेव्हा. ती बाई म्हणाली, जे घट्ट धरून बसलाय ते कशासाठी धरलंय ते स्वतःला विचारा. मी म्हटलं, आपल्याला विचारून काय कळणार, एल्मरलाच विचारू. मग बाहेर मार्लिसच्या टेबलावरून लावला फोन आणि मधूनमधून आत येऊन ते बटण दाबून गेले."

"एल्मर काय म्हणाला?"

"रडला रे. माझा नवरा असताना दर शनिवारी त्याला सौनाला बोलावणं असायचं. नवरा गेल्यावर मी बोलावलंच नाही. दोन फुटांचं त्याला काही नव्हतं. आता येईल शनिवारी."

"पण हे लेखी करायला हवं!" कांगस यांचा आवाज चढला. "नकाशा, अटी, दोन्ही बाजूंच्या सह्या..."

"शनिवारी ये म्हटलंय, त्यात लिहायचं काय?" आयलीबाईंनी पावाचा तुकडा त्यांच्यापुढे केला. "खा. सकाळचा आहे."

तेवढ्यात फोन वाजला. झुपान होता.

"रेइनो, एल्मर येऊन खटला मागे घेऊन गेला. वर मला मिठी मारली. तुझी आयलीबाई कुठल्याशा तासाला बसली होती म्हणे. कुठला तास तो?"

"का? तुझाही राहिलाय?"

"माझे सगळे झालेत रे. गावातल्या बाकीच्या पक्षकारांना तो कळता कामा नये, म्हणून विचारतोय."