अमिषाचा बारा फुटी बायोडेटा

"या खेपेला माझा बायोडेटा कोनाच्या कचऱ्याच्या डब्यात जानार न्हाय," अमिषाने सकाळी चहा पिताना घरात जाहीर केलं. "डब्यात मावनारच न्हाय तो."

तिच्या बापाने, धर्माने, काही न विचारता बशीतला चहा फुरकून घेतला. या पोरीला काही विचारलं की ती उत्तर देते, हा त्याचा जुना अनुभव होता.

अमिषा बी.कॉम. झालेली, टॅली-एक्सेलचा कोर्स केलेली. पनवेलपासून अंधेरीपर्यंत तिने बायोडेटे धाडले होते. एकाही ठिकाणाहून उत्तर नाही. नकारसुद्धा नाही! नकार आला असता तर भांडता तरी आलं असतं. मग मोबाईलवरच्या एका व्हिडिओत टायवाल्या माणसाने सांगितलं, की साहेबलोक बायोडेट्यावर जेमतेम नजर टाकतात, तेव्हा आपला बायोडेटा गर्दीतून उठून दिसला पाहिजे. अमिषाने ते मनावर घेतलं. ती कुठलीही गोष्ट मनावर घेते, तिथूनच घरच्यांना घाम फुटायला लागतो.

रेवसच्या धक्क्याजवळ एका माल वाहणाऱ्या कंपनीचं ऑफिस उघडत होतं. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने माल यायचा, इथून ट्रकने पुढे जायचा. ऑफिसात जागा एकच, पण घरापासून चालत जाण्यासारखी. अमिषाला ती हवी होती, अगदी मनापासून हवी होती. गावात अशी जागा मिळवायची रीत ठरलेली. सरपंच भाऊसाहेबांना शाल-नारळ द्यायचा, त्यांची चिठ्ठी घ्यायची आणि कामाला लागायचं. तिचा चुलतभाऊ निकेत तसाच बंदरात चिकटला होता.

"जाव का भाऊसाहेबांकडं?" धर्माने एकदा हळूच विचारलं होतं.

"चिठ्ठीवर लागले तर ती नोकरी भाऊसाहेबांची," अमिषा म्हणाली होती. "मना माझी पायजे."

तिचा बेत साधा होता. साहेब शुक्रवारच्या लाँचने मुलाखती घ्यायला येणार. लाँचमधून उतरणाऱ्या माणसाला पहिल्यांदा काय दिसतं? धक्क्यावरचा फ्लेक्स. तिथे कायम कुणाचा तरी वाढदिवस नाहीतर क्रिकेटचे सामने लटकलेले असतात. या शुक्रवारी तिथे अमिषाचा बायोडेटा लटकणार होता.

फ्लेक्सवाल्या विनेशच्या दुकानात जाऊन तिने सगळं नीट समजावलं. डावीकडे तिचा फोटो, उजवीकडे शिक्षण, खाली कौशल्यं आणि मोबाईल नंबर. "आनि दुसऱ्या कोनाचा फोटो नको."

विनेशचा हात माऊसवर थबकला. "कोनाचाच?"

"कोनाचाच न्हाय."

"शुभेच्छुक तरी?"

"बायोडेट्याला कनचे शुभेच्छुक?"

विनेश हो म्हणाला, पण ती गेल्यावर त्याला चैन पडेना. आजवर त्याने एकट्या माणसाचा फ्लेक्स छापलेला नव्हता. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरसुद्धा खाली शोकाकुल मंडळींची रांग असायची, आणि त्यातही कुणाचा चेहरा बारीक झाला म्हणून भांडणं व्हायची. त्याने धर्माला फोन लावला.

धर्माने विचार केला. पोरीने चिठ्ठी नको म्हटलं होतं, फोटोबद्दल ती काही बोलली नव्हती. "वर भाऊसाहेबांना घाल," तो म्हणाला. "मोठे घाल."

ही बातमी अमिषाची आत्या सोनूबाई हिच्या कानावर गेली. ती तडक दुकानात आली. "सरपंच लागतो, आनि पोरीला कडेवर खेलवनारी आत्या न्हाय लागत?" तिने निकेतच्या हळदीतला स्वतःचा गॉगल लावलेला फोटो पुढे केला. आत्याच्या मागून दोन काका आले, काकांच्या मागून मामा आले, आणि मामाकडचे आले म्हटल्यावर भावकीने तरी मागे का राहावं? विनेश सगळ्यांना जागा करून देत गेला. जागा अमिषाच्या भागातूनच निघत होती. तिचा फोटो बिचारा खाली खाली सरकत कोपऱ्यात जाऊन बसला. टॅली आणि एक्सेल सोनूबाईच्या गॉगलखाली गेले.

मग प्रश्न उरला मथळ्याचा. अमिषाने लिहून दिलं होतं, 'मला नोकरी द्या, मी ती उत्तम करीन.' विनेशला ते बघवेना. फ्लेक्सवर कुणी काही मागतं का? फ्लेक्सवर झालेलं असतं. निवड झालेली असते, वाढदिवस आलेला असतो, कप जिंकलेला असतो. पोरीची गावात शोभा होऊ नये म्हणून त्याने चांगल्या मनाने मथळा बदलला: 'कु. अमिषा हिची कंपनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

शुक्रवारी सकाळी अमिषा पाटीलकीच्या थाटात धक्क्यावर पोचली आणि जागच्या जागी खिळली. बारा फुटी भाऊसाहेब तिच्याकडे बघून हात जोडत होते. स्वतःला शोधायला तिला वाकावं लागलं.

"विनेशदादा, हे काय केलंस?"

"चांगलं दिसतं ना?" विनेश म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

फ्लेक्स उतरवायला ती शिडी शोधू लागली, तोवर गाव जमायला लागलं होतं. कुणी पेढे आणले. निकेतने बेंजोपार्टी आणली. मुलाखतीला आलेल्या बाकीच्या पोरापोरींनी फ्लेक्स वाचला आणि त्यांची डोकी फिरली. त्यात मांडव्याची राही पुढे होती. "निवड झालेली हाय तर आम्हाला कशाला बोलावलं?" असं म्हणून तिने धक्क्यावरच फतकल मारली. तिच्यामागे सगळे बसले. अमिषा त्यांना सांगत होती, "अगं, निवड न्हाय झाली माझी," पण बेंजोवाले इतक्या जोरात होते की तिचं तिलाच ऐकू येईना.

आणि नेमकी लाँच लागली.

साहेब उतरले. समोर बेंजो, खाली धरणं, वर अभिनंदन. एवढ्यात हार घेऊन भाऊसाहेब स्वतः पुढे आले, कारण फ्लेक्सवर त्यांचा फोटो होता आणि जिथे फोटो तिथे ते हजर राहतात. साहेब मुंबईचे असले तरी दूधखुळे नव्हते. ते अमिषाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, सरपंचांची माणसं आहात हे आधी कळवायचं ना. नोकरी तुमचीच. फक्त ही गर्दी हलवा."

धर्माने हे ऐकलं आणि डोळे मिटून देवाला हात जोडले. अमिषाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. हवी असलेली नोकरी समोर उभी होती, हात पुढे केला की झालं. तिला मोह झाला, झाला नाही असं नाही. पण तिने वर भाऊसाहेबांचे जोडलेले हात पाहिले आणि ती तिथल्या मासळीच्या क्रेटवर चढली.

"बेंजो बंद करा," ती ओरडली. बेंजो बंद पडला. "साहेब, मी कोणाची माणूस नाही. मुलाखत घ्या. सगळ्यांची घ्या, आणि इथेच घ्या, सगळ्यांसमोर. जो चांगला असेल त्याला नोकरी द्या. नाहीतर ही लाँच परत जाऊ देणार नाही."

"पोरी, उतर खाली," धर्मा कळवळला.

पण धरण्यावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी एकदा लाँचकडे बघितलं, एकदा क्रेटकडे बघितलं आणि मुकाट्याने लॅपटॉप उघडला.

मुलाखती झाल्या, त्याच फ्लेक्सच्या सावलीत. हिशेबात अमिषा आणि राही बरोबरीला आल्या. शेवटी साहेबांनी दोघींना एकच काम दिलं. "ओहोटीमुळे बोट उशिरा लागली, गिऱ्हाईक चिडलंय, त्याने आपल्याला वाटेल तसं लिहिलंय. त्याला उत्तर लिहा."

राहीने लिहिलं, 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. माल आज संध्याकाळपर्यंत पोचेल.'

अमिषाने लिहिलं, 'भरती-ओहोटी आमच्या हातात नाही. ती कधी असते हे पंचांगात बघता येतं. पुढच्या वेळी लिहिताना शब्द जपून वापरावेत.'

साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. सोनूबाईने एकटीनेच टाळी वाजवली. बाकी धक्क्यावर कुणाला काही शंका उरली नाही. नोकरी राहीला मिळाली.

वाईट वाटलं. पण अमिषाने पुढे होऊन राहीचा हात हातात घेतला आणि पेढ्याचा बॉक्स तिच्या पुढ्यात धरला. गर्दी पांगली. भाऊसाहेब हार परत घेऊन गेले. धर्मा आणि अमिषा घराकडे निघाले.

वाटेत अमिषा म्हणाली, "पडले तर पडले, बाबा. पन माझी मी पडले. कोनाच्या वशिल्यानं न्हाय."

"व्हय," धर्मा म्हणाला. "पडाला वशिला लागतच न्हाय, बाय."