चाकांवरच्या महालास न्हाणी जोडली, त्याची बखर

॥ श्री ॥ जेथे नळ तेथे गंगा, आणि ती सदा वाहती असावी ही प्रार्थना. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन वद्य चतुर्दशी, पहाटेचा समय. समुद्रकाठी सर्वत्र सामसूम असता पितळी घंगाळात ‘टप्’ ऐसा ध्वनी जाहला. एकच थेंब. दुसरा पडेल म्हणोन मंडळी श्वास रोधून उभी राहिली, आणि तो काही पडला नाही. मग सूनबाई केतकीबाईसाहेब यांनी तेल-उटणे लावून पाटावर कुडकुडत बसलेली आपली कन्या जुई शालीत गुंडाळली, आणि नळाशी झटणाऱ्या पतीकडे पाहिले.

याचे मूळ ऐसे की, एका राज्यात, ज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, भार्गवराव नामे स्वामी नांदत असत. त्यांनी जीपमागे ओढावयाचा एक चाकांवरचा महाल पैदा केला. लोक त्यास कॅरॅव्हॅन म्हणत. आत शय्या, शेगडी, पाण्याची टाकी, सर्व सिद्ध. परंतु न्हाणी ऐसी की साबण खाली पडल्यास वाकावयास जागा नाही. स्वामींच्या मातुश्री इंदुमतीबाई यांनी तिचे दर्शन घेतले आणि वदल्या, “पाट मावत नाही, तिला न्हाणी म्हणतात होय? त्यापेक्षा कपाटात उभं राहून अंघोळ केलेली बरी.”

“आई, बाहेरच्या अंगाला शॉवर बसवतो. गरम-गार दोन्ही. मग दिवाळीला समुद्रावर जाऊ.”

“बसव. पण नरकचतुर्दशीला माझ्या नातीची अंघोळ सूर्य उगवायच्या आत, पाटावर, पूर्वेला तोंड करून झाली पाहिजे. नाही झाली, तर पाडव्याला ही गाडी विकायची. हिच्यापायी रांगोळीला अंगण उरलेलं नाही.”

ऐसा तह ठरला, आणि बाईसाहेबांनी देव पाण्यात ठेविले. कारण घरी असता स्वामी उजाडता कचेरीस जात, आणि परत येत तो कन्या निजलेली असे. महालात मात्र शय्या एकच, आणि तीवर जुई मध्ये निजे, एक हात आईच्या गळ्यात, एक पाय बाबांच्या पोटावर. ते सुख पाडव्यास विकले जाते की काय, हीच चिंता.

मग स्वामींनी मोबाइलवर व्हिडिओतल्या गुरुजनांचे दर्शन घेऊन मोहीम मांडली. मातुश्रींनी अंगणातल्या तुळशीकडे बोट करून “पूर्व ही” ऐसे सांगितले, आणि त्याच अंगास ड्रिलने भोक पडले, आणि शॉवर बसला. आणि पलीकडल्या अंगास बाहेरच्या नळाची नळी जोडावयाचे तोंड केले. मध्ये एक वॉशर उलटा बसला, मग सुलटा बसला, मग हरपला, आणि जुईच्या बाहुलीच्या मनगटी कंकण होऊन सापडला. परंतु घरास चाके असता त्यास कायमची पूर्व नसते, हे त्या दरबारी कोणासही सुचले नाही. बाईसाहेबांसही नाही, हे निःपक्षपणे लिहिले पाहिजे.

पुढे स्वारी समुद्रकाठी पोहोचली. तेथे शेवंतीकाकू म्हणोन बाई राहात. त्यांच्या परसातल्या नळास नळी जोडली, आणि आता बाहेरचे पाणी असता आतली टाकी कशास भरावी, ऐसे स्वामींनी ठरविले. पहाटे मातुश्री काकूंच्या मोरीत स्वतःचे स्नान उरकून आल्या आणि पाहतात तो शॉवर समुद्राच्या अंगास, म्हणजे थेट पश्चिमेस.

“आई, पाटच फिरवू ना,” बाईसाहेब हळूच म्हणाल्या.

“भिंतीला तोंड करून? आणि ओवाळू कुणाला, गाडीला?”

तेव्हा जीप जुंपली आणि महालच फिरविला. शॉवर पूर्वेस आला. परंतु एक चाक वाळूत रुतले, आणि नळीचे तोंड समुद्राकडे गेले, आणि नळी ताणली तरी पुरेना. टाकी कोरडी. स्वामींनी नळ सोडला तो वर लिहिलेला एक थेंब प्राप्त जाहला.

इतक्यात पूर्वेस डोंगरामागे उजळले. स्वामी परात घेऊन चाकाखालची वाळू उपसू लागले, आणि तेथूनच बोलले, “आई, मोबाइलवर सूर्य उगवला.”

“मोबाइलला अंघोळ घालायची नाहीये मला,” मातुश्री म्हणाल्या. मग वाळूत पालथ्या पडलेल्या लेकाकडे पाहिले, आणि उटण्याने पिवळ्या जाहलेल्या नातीकडे पाहिले, आणि शास्त्र किंचित वाकविले. “डोंगरावर दिसत नाही तोवर उगवला नाही. बघतेस काय केतकी, पाणी तापव.”

बाईसाहेब बादली घेऊन काकूंच्या नळाकडे धावल्या, आणि शेगडीवर पाणी तापले, आणि तांब्यातांब्याने जुईस अभ्यंगस्नान घडले, कोरड्या शॉवराच्या छायेत, पूर्वेस तोंड करून. मातुश्रींनी ओवाळिले. जुईने डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडून नरकासुर मारिला, आणि मग डोंगरावर सूर्य दिसला.

“मग गाडी?” बाईसाहेबांनी भीत भीत विचारले.

“विकणार कशी? आधी वाळूतून निघू दे तरी,” ऐसे बोलून मातुश्रींनी तोंड फिरविले, ते हसू लपवावयास.

एणेप्रमाणे न्हाणी जोडली ती कोरडी राहिली, महाल फिरविला तो रुतला, आणि रुतला म्हणोन वाचला. मोहीम फत्ते म्हणावी. बाईसाहेब नवा झगा घातलेल्या कन्येस मांडीवर घेऊन पायरीवर टेकल्या. जुईने वाळूने माखलेल्या बाबांस पाहिले, मग आईचे विस्कटलेले केस पाहिले, आणि पुसिले, “आई, बाबांची अंघोळ राहिली. तुझीपण राहिली. आजी तर घोरते. तुम्ही दोघं नरकात गेलात, तर मी कुणाच्या मध्ये झोपू?”