अर्ध्या रिंगला फोन उचलणाऱ्या सासूबाई

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी सकाळी सगळ्या मास्तरांना ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं. दार लावलं की एकतर पगारवाढ, नाहीतर कानउघाडणी, असा तिथला रिवाज होता. पगारवाढीसाठी लागलेलं दार मात्र अजून कुणाच्या पाहण्यात नव्हतं.

"मोबाइल काढा," मालक म्हणाले. "प्रत्येकानं आपापला इमर्जन्सी नंबर घाला. फोनचं लॉक न उघडता तो दिसला पाहिजे. घातल्याशिवाय आज गाडीची किल्ली मिळणार नाही."

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. थोरल्या मास्तरांना नुकतीच भर रस्त्यात, शिकवता शिकवता चक्कर आली होती. स्टिअरिंगवर होता शिकायला आलेला एक बेकरीवाला. त्यानं कशीबशी गाडी थांबवली आणि मास्तरांचा फोन घेतला, तर तो लॉक. शेवटी गाडीच्या दारावर रंगवलेला नंबर पाहून त्यानं फोन लावला. तो अर्थात मालकांनीच घेतला. "अहो, मास्तर पडलेत," असं बेकरीवाला सांगतोय तोवर मालकांनी सवयीनं "नवीन बॅच सोमवारी, दोन फोटो घेऊन या," असं म्हणून फोन ठेवूनसुद्धा दिला. पुढे थोरले मास्तर आपले आपणच शुद्धीवर आले म्हणून बरं.

धाकट्या मास्तरांनी फोन काढला आणि ते विचारात पडले. धाकटे म्हणजे वयानं चांगले पंचेचाळिशीचे, पण नोकरीला मागाहून लागले म्हणून धाकटे. नंबर कुणाचा घालायचा? बायकोचा, हे उघडच होतं. पण बायको घरी शाळेचे गणवेश शिवायची. मशीन सुरू झालं की घरात चोर शिरून, चहा करून, पिऊन गेला असता तरी तिला पत्ता लागला नसता. फोन कायम कापडाच्या ढिगाखाली. आईचा घालावा, तर आईचा फोन बंद. राहता राहिल्या सासूबाई.

सासूबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेली होती. निवृत्त होऊन वर्षं लोटली, पण सवय हाडात मुरलेली. फोन पुरता वाजायच्या आत, अर्ध्या रिंगला त्या उचलायच्या. शिवाय घाबरणं हा प्रकार त्यांना माहीत नव्हता. दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहायच्या, हाकेच्या अंतरावर. मास्तरांनी त्यांचा नंबर घातला, किल्ली घेतली आणि ती गोष्ट विसरूनही गेले.

विसरले ते विसरले, त्याच आठवड्यात फोनही गाडीत विसरले. तो सापडला त्यांच्याकडे शिकणाऱ्या दातांच्या डॉक्टरांना. हे डॉक्टर दुसऱ्याच्या तोंडात शिरायला कचरत नसत, पण रिव्हर्स गिअर म्हटलं की त्यांच्या हातांना घाम फुटायचा. माणूस हुशार. त्यांनी लॉक असलेल्या फोनवरून इमर्जन्सी नंबर शोधला आणि लावला. अर्ध्या रिंगला पलीकडून आवाज आला, "बोला." डॉक्टरांना तीन वाक्यांत चौकात उभं करून, फोन ताब्यात घेऊन सासूबाई थेट लेकीच्या घरी हजर झाल्या.

"अगं, कळलं का?" त्यांनी दारातूनच सांगितलं. "जावईबापूंनी इमर्जन्सीला माझा नंबर घातलाय!"

मशीन थांबलं. आतल्या खोलीतून मास्तरांची आई बाहेर आली. सासूबाई फोन देऊन, पाणीसुद्धा न घेता, तरंगत गेल्या. मास्तर संध्याकाळी घरी आले तेव्हा टेबलावर जेवणाच्या आधी फोन वाढून ठेवलेला होता.

"मी कोण आहे तुमची?" बायकोनं विचारलं.

"बायको."

"मग जिवावर बेतलं की तुम्हाला माझी आई आठवते होय?"

"अगं, तू फोन उचलत नाहीस."

"मी? कधी नाही उचलला?"

मास्तरांनी तिचा नंबर लावला. घरात कुठेतरी बारीक आवाजात रिंग वाजू लागली. बायकोनं ढीग उपसला, उशा उलट्या केल्या, कपाट उघडलं. रिंग थांबली. फोन अखेर निळ्या चड्ड्यांच्या गठ्ठ्यात सापडला.

"बघितलंस? एवढ्यात मी गेलोसुद्धा असतो."

"अभद्र बोलू नका!"

"आणि माझं काय रे?" आई म्हणाली. "जन्म दिला मी आणि नंबर विहीणबाईंचा?"

"आई, तुझा फोन कायम बंद असतो."

"बॅटरी वाचवते मी."

"कशासाठी?"

"का म्हणजे? अडीअडचणीला लागला तर!"

मास्तरांनी मुकाट्यानं पहिला नंबर बायकोचा घातला, दुसरा आईचा, तिसरा सासूबाईंचा. बायकोनं स्वतः डोळ्यांनी पाहून खात्री केली आणि मग भाजी गरम करायला घेतली.

इथवर सगळं निभावलं असतं. पण सासूबाईंनी हे काम अंगावर घेतलं होतं. त्यांनी कमरेला एक छोटी पिशवी बांधली आणि फोन त्यात ठेवायला सुरुवात केली. आंघोळीला जाताना फोन स्टुलावर, झोपताना उशाशी. मैत्रिणींबरोबर बागेत फिरायला जायच्या ते बंद केलं, कारण बागेतल्या एका कोपऱ्यात रेंज नव्हती. दाराशी बॅग भरून ठेवली. तिच्यात टॉवेल, थर्मास, मास्तरांच्या मापाचा सदरा आणि बिस्किटांचा पुडा. आणि सकाळ-संध्याकाळ त्या मास्तरांना फोन करू लागल्या.

"काही नाही, लाइन तपासत होते. बरे आहात ना?"

"बरा आहे, आई. गाडी चौकात आहे."

"आवाज बसलाय तुमचा."

"ओरडतोय ना मी! ब्रेक, डॉक्टर, ब्रेक!"

मास्तरांनी शिकवताना फोन घेणं बंद केलं, तर त्या स्कूलमध्ये फोन करायच्या. मालकांनी एकदा मास्तरांना बोलावून घेतलं. दार लावलं.

"मास्तर, तुमच्या सासूबाई मला विचारतात की तुम्ही शाबूत आहात का. मी काय सांगू? मला काय माहीत?"

त्या रात्री बायको म्हणाली, "काढून टाका आईचा नंबर. तिचं फिरणं बंद झालं, मैत्रिणी बंद झाल्या. पहाऱ्यावर बसल्यासारखी बसलेली असते नुसती."

"आणि त्यांना कळलं तर?"

"कळणार कसं? तुमच्या फोनमध्ये डोकावायला ती येते का? फक्त तिच्याजवळ बोलू नका. फार मनाला लावून घेईल ती."

हे शेवटचं मास्तरांनाही पटत होतं. सासूबाई चिडल्या असत्या तर परवडलं असतं. पण त्या चिडायच्या नाहीत, नुसत्या गप्प व्हायच्या, आणि ते पाहवायचं नाही. मास्तरांनी मनाचा हिय्या करून नंबर पुसला. सासूबाईंना त्याचा गंध नव्हता. त्यांची लाइन तपासणी चालूच राहिली.

आणि मग डॉक्टरांनी रिव्हर्स घेतला.

मास्तर खिडकीतून डोकं बाहेर काढून मागचं बघत होते. "सावकाश, सावकाश," ते म्हणाले. डॉक्टरांनी 'सावकाश' ऐकलं आणि घाईघाईनं ॲक्सिलरेटर दाबला. गाडी मागच्या दिव्याच्या खांबाला भिडली. खांबाला काही झालं नाही. मास्तरांची भुवई खिडकीच्या चौकटीवर आपटली आणि फुटली. जखम तशी मामुली होती, पण स्वतःचं रक्त पाहिल्याबरोबर मास्तरांनी मान टाकली.

डॉक्टरांनी आधी त्यांच्या भुवईवर रुमाल दाबला. तेवढं त्यांना येत होतं. मग फोन घेऊन पहिला इमर्जन्सी नंबर लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दुसरा नंबर लावला. फोन बंद. तिसरा बघायला गेले तर तिसरा नंबरच नाही. मागच्या खेपेला पटकन बोलणाऱ्या त्या बाई कुठे गेल्या म्हणून ते वर-खाली शोधत असतानाच फोन हातात वाजला. संध्याकाळची लाइन तपासणी होती.

"बरे आहात ना?" पलीकडून आवाज आला.

"बाई, तुम्हीच का त्या? अहो, मास्तरांना लागलंय. मी तुमचाच नंबर शोधतोय केव्हाचा! मागे होता, आता दिसत नाहीये. दोनच नंबर आहेत, एक उचलत नाही, एक बंद आहे."

पलीकडे बॅग उचलल्याचा आवाज आला.

"श्वास चालू आहे का?" मग सासूबाईंनी विचारलं.

"आहे, आहे."

"कुठे आहात?"

डॉक्टरांनी सांगितलं.

"समोर दवाखाना आहे. तिथे न्या. आले मी."

मास्तरांना नीट भान आलं तेव्हा भुवईला टाके पडले होते, एक डोळा सुजून मिटला होता, आणि दवाखान्याच्या बाकावर शेजारी सासूबाई बसल्या होत्या. पायाशी बॅग होती. त्यांनी रक्ताचा सदरा बदलून घेतला, थर्मासमधला चहा दिला, बिस्किटांचा पुडा उघडून हातात ठेवला. डॉक्टर दहादा माफी मागून, पुन्हा कधी गाडीला हात लावणार नाही अशी शपथ घेऊन गेले. सासूबाई यात एक अक्षर बोलल्या नव्हत्या. मास्तरांना टाक्यांपेक्षा तेच जास्त टोचत होतं.

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. बायको होती.

"तुमचे एवढे मिस्ड कॉल कसे हो? मी मशीनवर होते. काही आणायचं होतं का?"

"काही नाही. थोडं लागलंय, टाके घातलेत. तुझी आई आहे इथे."

"अगं बाई! येते मी, आले!" आणि फोन ठेवायचं विसरून ती चपला शोधत सुटली. तो आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

मास्तरांनी फोन बंद केला.

"कधी काढलात?" सासूबाईंनी समोर बघत विचारलं.

"झाले थोडे दिवस."

"हिनं सांगितलं का?"

बायकोवर ढकलून मोकळं व्हायची ही नामी संधी होती. पण बिस्कीट त्यांचं, चहा त्यांचा, अंगावरचा सदराही त्यांनीच आणलेला. मास्तरांना विलक्षण लाज वाटली.

"माझा फोन, मीच काढला," ते म्हणाले. "तुम्ही दिवसभर माझ्या फोनची वाट बघत बसायला लागलात, आई. ते बरं वाटेना."

"मग दुसऱ्या कुणाच्या फोनची बघू?" सासूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "एक्स्चेंजमध्ये होते तेव्हा आख्खं गाव माझ्या कानात बोलायचं. आता दिवसाकाठी एक फोन येतो, तो कर्ज हवंय का विचारायला. मी त्यालासुद्धा लगेच ठेवू देत नाही."

काहीतरी करायचं म्हणून मास्तरांनी हात पुढे केला. "तुमचा फोन द्या जरा. तुमच्यात कुणाचा घातलाय बघू."

"कशाला? आहे घातलेला."

"द्या तर."

सासूबाईंनी कमरेच्या पिशवीतून फोन काढून दिला. मास्तरांनी एका डोळ्यानं इमर्जन्सी नंबर उघडला. नंबर एकच होता. तो त्यांनी दोनदा वाचला.

"आई, हा तर तुमचाच नंबर आहे."

"हो. माझाच आहे."

"अहो, पण तुम्हाला काही झालं, तर लोक तुमच्या फोनवरून तुम्हालाच फोन करतील!"

"मग दुसऱ्या कुणाचा घालू? ही मशीनवर, विहीणबाईंचा बंद, तुम्ही गाडीत. हमखास उचलणारं माझ्याशिवाय कोण आहे, तुम्हीच सांगा."

मास्तरांनी तो नंबर पुसला आणि एका डोळ्यानं चाचपडत आपला नंबर घातला.

"तुम्ही शिकवताना उचलत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"उचलीन. गाडी बाजूला घेईन आणि उचलीन."

सासूबाईंनी फोन परत घेतला, जरा लांब धरून नंबर वाचला. त्यांचे ओठ हलत होते.

"शेवटचे दोन आकडे उलटे घातलेत तुम्ही," त्या म्हणाल्या. मास्तर आपला नंबर आठवायला लागले, तोवर त्यांनी तो कुणालाही न विचारता दुरुस्त केला होता.