नाक्यावर अडकलेला सूर

सागाच्या पेटीचा पास बरोबर निघाला, तेव्हा गुणवंतरावांना वाटलं, सुटलो. मूलच्या अलीकडच्या जंगल नाक्यावर सर्व्हिस मोटार थांबली होती आणि नाकेदार लटारूने पेटी टपावरून खाली उतरवली होती. नव्या सागाची वस्तू पासाशिवाय नाक्यापलीकडे जात नसे. म्हणूनच सुताराकडून गुणवंतरावांनी पास आधी घेतला होता आणि पेटी नंतर.

"आत काय हाये?" लटारूने विचारलं.

"कागद. पियानोच्या गतींचे."

"दोन गठ्ठे काऊन?"

इथे गुणवंतरावांनी गप्प बसायला हवं होतं. पण हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता. गडचिरोलीत पियानो एकच. मिशनच्या मडमेने विलायतेला परत जाताना तो आपल्या या एकुलत्या एक शिष्याला दिला, आणि त्याबरोबर कुणा जुन्या जर्मन संगीतकाराच्या हातचं बाडही. त्याच गतींचं छापील पुस्तक गुणवंतरावांनी कलकत्त्याहून मागवलं आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचता वाचता शाळेतून निवृत्त झाले.

"एक खुद्द संगीतकाराच्या हातचं, दुसरं छापलेलं," ते उत्साहाने म्हणाले. "दोन्ही कागद एकाच वस्तूचे. पण जुळत नाहीत!"

लटारूचा चेहरा पडला. मागच्या महिन्यात पासाच्या दोन प्रती जुळत नसताना त्याने बांबूची एक गाडी सोडली होती. त्यावरून साहेबाने त्याची बिनपाण्याने केली होती.

"जुळत नाई? मंग पुढं नाई जात."

"अहो, हे लाकूड नाही. गाणं आहे."

"गाणं असो का बांबू असो. एका मालाचे दोन कागद हायेत, तं मिलान पाहिजे. दाखवा, कुठी फरक हाये."

गुणवंतरावांनी दाखवला. एका संथ गतीत एका सुराचा काळा टिपका बाडात नेमका रेघेवर होता आणि पुस्तकात तोच टिपका रेघेच्या वरच्या मोकळ्या जागेत. बाड खरं आणि छापणारा मूर्ख, हे सिद्ध करणारी भली लांबलचक प्रस्तावना त्यांनी लिहिली होती. ती वाचूनच मुंबईच्या एका प्रकाशकाने नवी आवृत्ती काढायचं कबूल केलं होतं. गुणवंतरावांचं सगळं आयुष्य आता त्या टिपक्यावर टांगलेलं होतं.

"एवढंच?" लटारूला हायसं वाटलं. त्याने कानावरची पेन्सिल काढली. "हा टिपका जराकसा वर सरकवतो. झालं मिलान."

गुणवंतरावांनी बाडावर अंगच टाकलं. "खबरदार! हात तोडून टाकीन!"

मोटारीत एक वऱ्हाड होतं. नवरदेव मुंडावळ्या सावरत खाली उतरला आणि त्याच्यामागून त्याची आजी चंदाबाई.

"गुर्जी, एका टिपक्यापायी माह्या नातवाचं लगन चुकवता का? सरकवू द्या ना त्याले."

"बाई, तो टिपका माझा नाही. मेलेल्या माणसाचा आहे."

"मंग मेलेल्या माणसाले काय करायचं हाये त्याचं?"

एव्हाना मोटारीत दोन पक्ष पडले होते. पटवाऱ्याच्या हस्ताक्षराने ज्यांची जमीन खाल्ली होती, ते छापील पुस्तकाच्या बाजूचे. कोर्टाच्या छापील समन्साने पोळलेले बाडाच्या बाजूचे. नवरदेवाचा मामा आणि काका एकमेकांच्या अंगावर धावून गेले तेव्हा लटारूने हात वर केला.

"कागद भांडून राह्यले तर माल पाहायचा, असा कायदा हाये. गुर्जी, माल दाखवा."

"म्हणजे वाजवून? पियानो घरी आहे हो."

"घरी तं तुमी ऐकलंच असंन."

गुणवंतराव चाचरले. "त्या पट्ट्या वाजत नाहीत. वाळवी लागली आहे."

एवढा मोठा वाद ते नुसत्या डोळ्यांनी लढले होते. शेवटी चंदाबाईनेच वऱ्हाडातल्या सनईवाल्याला, मुखरूला, पुढे ढकललं. गुणवंतरावांनी गुणगुणायचं आणि मुखरूने वाजवायचं असं ठरलं.

आधी छापील गत झाली. मुखरूने ती पहिल्या फटक्यात उचलली. ड्रायव्हर विडी पेटवायचं विसरला. मामा आणि काका शेजारी शेजारी उकिडवे बसले.

मग बाडातली. त्या टिपक्यापाशी मुखरू पोचला आणि नवरदेवाने कच्ची चिंच चावल्यासारखं तोंड केलं.

"बंद कर रे!" चंदाबाई ओरडली. "लगनाले जाऊन राह्यलो का मयतीले?"

"पुन्हा," गुणवंतराव म्हणाले. पुन्हा तेच झालं. आणखी एकदा म्हटल्यावर मुखरूनेच हात जोडले. "गुर्जी, सूर तिथी जातच नाई. तुमी म्हणता म्हणून ढकलून राह्यलो."

गुणवंतराव पेटीवर बसले. संगीतकाराचाच हात घसरला होता, आणि ज्याला त्यांनी पानोपानी मूर्ख म्हटलं होतं त्या छापणाऱ्याने ती चूक निमूटपणे दुरुस्त केली होती.

लटारूने ठप्प्याला शाई लावली. "बोला गुर्जी, खरं कोणतं? त्याच्यावर ठप्पा मारतो."

"हातचं म्हणा अन् चला ना लवकर!" ड्रायव्हर म्हणाला.

तेवढं म्हटलं असतं तर मुंबई होती, नवी आवृत्ती होती, मुखपृष्ठावर नाव होतं. गुणवंतरावांनी मान खाली घातली.

"छापलेलं," ते म्हणाले.

"मंग हातचं खोटं. खोटा माल जप्त!" लटारूने पुस्तकावर ठप्पा मारला आणि बाड काखोटीला मारून तो नाक्याच्या खोलीत गेला.

मोटार निघाली. छापून झालेलं पुस्तक पुन्हा छापून घ्यायला गुणवंतराव आता मुंबईला निघाले होते. मांडीवर प्रस्तावना घेऊन ते खिडकीबाहेर बघत बसले.

मागच्या बाकावर मुखरूने तीच गत पुन्हा धरली. चंदाबाई डोलायला लागली. त्या जागी येताच मुखरूने सूर बाडातल्या टिपक्यावर जरासा टेकवला आणि तिथून अलगद घसरवत छापील टिपक्यावर नेला. गुणवंतराव ताडकन उभे राहिले.

"मुखरू! हे कोणत्या कागदात आहे?"

"कागदात नाई गुर्जी. माह्या मनचं हाये."

गुणवंतरावांनी प्रस्तावनेचं पहिलं पान उलटं केलं, कोऱ्या बाजूवर सूर लिहायला पाच रेघा ओढल्या आणि ते मुखरूशेजारी दाटीवाटीने जाऊन बसले.

"पुन्हा वाजव. सावकाश," ते म्हणाले. "आणि चंदाबाई, लग्नात अजून किती सनईवाले येणार आहेत?"