दोन मिनिटं वीणा धरा!

माणूस ओळखावा तर मी! बढाई मारत नाही. एकतीस वर्षं नाशिक-पेठ एसटी चालवली आहे. आरशात नुसतं बघून सांगायचो, हा करंजाळीला उतरणार, हिला घाटात गाडी लागणार आणि तो मागचा जाडा म्हातारीला जागा द्यावी लागू नये म्हणून झोपेचं सोंग घेणार! एकदाही चुकलो नाही. म्हणजे त्या गुरुवारपर्यंत नाही.

मला दोन वेडं. एक कीर्तन आणि दुसरा उदयन नेर्लेकर. कीर्तनाचं कुणाला सांगावं लागत नाही. कुठेही मृदंगावर थाप पडली की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. उदयन नेर्लेकर म्हणजे मोटारींच्या शर्यतीतला मोठा ड्रायव्हर. कोल्हापूरचा पोरगा, पण देशोदेशीच्या डोंगरांत गाडी अशी पळवतो की बघणाऱ्याची मान मोडावी!

आमची कलाबाई म्हणते, "अहो, निवृत्त झालात, आता त्या पोराचे व्हिडिओ काय बघत बसता?"

मी म्हणतो, "अगं, एकाच धंद्यातले आम्ही! तो एकटा जातो आणि मी चौपन्न माणसं न् अकरा कोंबड्या घेऊन जायचो, एवढाच फरक!"

खरं कारण निराळं होतं. घाटात प्रत्येक वळणाला मी एकदा 'विठ्ठल' म्हणायचो. मोठ्यानं नाही, आपलं ओठातल्या ओठात. तेवढं म्हटलं की स्टिअरिंगवरचा हात हलका व्हायचा. गाडी सुटली तशी वळणंही सुटली. आणि हा पोरगा माझ्या चौपट वेगानं वळतो, तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल? तो काय म्हणतो? एवढं एकदाच त्याला समोर बसवून विचारायचं होतं. चार वर्षं हा प्रश्न घशात काट्यासारखा अडकला होता.

आणि यंदा काय योग बघा! पेठच्या घाटात मोटारींची रॅली ठरली, तीत नेर्लेकर येणार असं पेपरात आलं आणि नेमका त्याच आठवड्यात पेठ रोडवरच्या आमच्या कॉलनीचा अखंड हरिनाम सप्ताह! मी मंडपात उभं राहून जाहीर केलं, "नेर्लेकरला मी इथं दर्शनाला आणणार! फक्त नजरेस पडू द्या, शंभरातून ओळखीन!"

चिमाजीबाबा खुर्चीतून म्हणाले, "हिरामण, तू आधी तुझा पहारा सांभाळ."

चिमाजीबाबांनी सत्तावीस वर्षांपूर्वी हा सप्ताह सुरू केला. आज बाबा ब्याऐंशीचे आहेत. नियम एकच आणि लोखंडासारखा: सात दिवस, सात रात्री वीणा कुणाच्या तरी गळ्यात हवी. दोन-दोन तासांचे पहारे. उभं राहायचं, नाम घ्यायचं आणि पुढच्याच्या गळ्यात घातल्याशिवाय वीणा सोडायची नाही. एका वर्षी वादळानं मंडप उडाला, तर बाबा डोक्यावर आभाळ घेऊन रात्रभर उभे राहिले. "वीणा भुईला टेकली का सप्ता मोडला," ते म्हणतात. "मग काला नाय, काय नाय. लोकांनी घरी जावं."

गुरुवारी दहा ते बाराचा पहारा माझा होता. मंडपात टाळ घेऊन यादवबुवा बसलेले. त्यांचे गुडघे असे की उठायला क्रेन मागवावी लागते. खांबाला टेकून धोंडाबाई घोरत होती, तेही तालात. आणि कोपऱ्यात एक अनोळखी पाहुणा. पांढरा सदरा, कपाळाला बुक्का, दाराजवळच्या पेटीत भाविकांसाठी ठेवतात त्यातली टोपी कानांपर्यंत ओढलेली, डोळे मिटलेले.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल करकचून थांबली. पंक्चरवाला शेखर! गाडीवरूनच ओरडला, "हिरामणभाऊ! नेर्लेकर फाट्यावर मिसळ खातोय!"

"काय सांगतोस!"

"दुसऱ्यांदा रस्सा मागितलाय म्हणे! चला लवकर, पाव संपायच्या आत!"

चार वर्षांचा प्रश्न अर्ध्या मैलावर मिसळ खात होता आणि माझ्या गळ्यात वीणा! मी यादवबुवांकडे पाहिलं. त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग मी पाहुण्याकडे वळलो.

"पाहुणे, कुठले आपण?"

त्यानं डोळे उघडले. "कोल्हापूरचा."

"मग तर कामच झालं! तुमच्याच गावचा माणूस आलाय, उदयन नेर्लेकर! त्याला भेटून येतो."

"असं?" तो जरा हसला. "एवढा कोण लागून गेला तो?"

मला रागच आला! "तुम्हाला काय कळणार? गाडी चालवता का?"

"थोडीफार."

"सावकाश चालवत जा. आणि आता उठा, दोन मिनिटं वीणा धरा! बसायचं नाही, टेकवायची नाही, दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय सोडायची नाही."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"येतो ना मी! दोन मिनिटं!"

वीणा देताना एकमेकांच्या पाया पडायची रीत आहे. घाईत तीही राहिली. चपला हातात घेऊनच मी शेखरच्या मागे बसलो.

फाट्यावर ही गर्दी! पण नेर्लेकर नाही. त्याची उष्टी प्लेट मात्र होती आणि लोक रांगेत उभे राहून तिच्याबरोबर फोटो काढत होते! मिसळवाला छाती पुढे काढून सांगत होता, "आत्ता इथं होता! गर्दी वाढली तसा मागच्या दारानं सटकला!"

"दिसायला कसा आहे?" मी विचारलं.

"सव्वासहा फूट!" एक जण म्हणाला.

"छे हो! माझ्या खांद्याला लागत होता!" दुसरा म्हणाला. तो स्वतः पाच फूट होता.

मागच्या मोरीवर बयाबाई प्लेटा घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी पाहिला ना भाऊ. पांढरा सदरा होता अंगात. तुमच्या मंडपाकडं गेला, भजनाचा आवाज येत होता तिकडं."

"मावशी," मी समजावलं, "शर्यतीचा ड्रायव्हर सदरा घालत नसतो. लाल जॅकेट असतं आणि डोक्यावर हेल्मेट. मी तीनशे व्हिडिओ पाहिलेत!"

इथं एक कबुली देतो. त्या तीनशे व्हिडिओंत तो कायम हेल्मेटमध्येच असतो. हेल्मेट काढायला हात वर नेतो आणि नेमकी जाहिरात लागते! जाहिरात लागली की मी चहा ठेवायला उठतो.

बयाबाई म्हणाली, "बरं बाबा," आणि पुढची प्लेट घेतली.

इतक्यात कुणीतरी किंचाळलं, "लाल जॅकेट!" आणि खरंच! लाल जॅकेट, काळं हेल्मेट, रस्त्यावरून भर्रकन गेलं. स्कूटरवर होतं, पण शेखर म्हणाला, "वेष पालटून निघालाय!" आणि सगळ्यांना एकदम पटलं. बारा मोटारसायकली, तीन रिक्षा आणि कोबी भरलेला एक ट्रॅक्टर त्या स्कूटरमागे लागला! लाल जॅकेट आधी मखमलाबादला गेलं, तिथून म्हसरूळला आलं, एका बिल्डिंगपाशी थांबून पुन्हा निघालं. प्रत्येक वेळी आम्ही पोचावं आणि त्यानं सुटावं. मी शेखरच्या कानात ओरडत होतो, "बघ, वळण कसं घेतो बघ! हाच तो! पाठीवरून ओळखलं मी!"

शेवटी पेट्रोल पंपावर गाठलं. मी गाडीवरून उडी मारली, हात जोडले आणि चार वर्षांचा प्रश्न एका दमात विचारला. "साहेब, वळणावर असताना तुमच्या मनात काय येतं?"

हेल्मेट निघालं. आतून दोन वेण्या बाहेर पडल्या.

"काका, मनात येतं की इडली थंड झाली!" ती म्हणाली. पाठीवर जेवणाच्या डब्यांची चौकोनी पेटी होती. ती इतका वेळ आम्हाला कुणालाच दिसली नव्हती. "मी मनाली. मघापासून माझ्या मागे का लागलात? पोलीस बोलावू का?"

ट्रॅक्टर हळूच मागे वळला.

"आणि बाजूला व्हा, बारा वाजत आले, माझी शेवटची ऑर्डर राहिलीये."

बारा! दोन मिनिटांचा दीड तास झाला होता! अनोळखी माणसाच्या गळ्यात सत्तावीस वर्षांचा सप्ताह टाकून मी इडलीमागे हिंडत होतो. त्यानं कशाला थांबावं? कंटाळला असेल, खांबाला टेकवून निघून गेला असेल. चिमाजीबाबांना काय तोंड दाखवू?

शेखर पेट्रोलच्या रांगेत अडकला होता. माझा चेहरा बघून मनालीच म्हणाली, "काका, रडू नका हो. कुठं जायचंय? माझी ऑर्डर पेठ रोडलाच आहे. बसा मागे."

ती पोरगी काय गाडी चालवते! दोन्ही हातांनी डब्यांची पेटी कवटाळून मी प्रत्येक वळणाला 'विठ्ठल' म्हणत होतो. आता मात्र मोठ्यानं.

मंडपाच्या दारात पोचलो. आत नाम ऐकू येत होतं. आवाज बसलेला, पण चालू. पाहुणा होता तिथंच उभा होता. सदरा घामानं अंगाला चिकटलेला, वीणेच्या दोरीनं मान लाल झालेली आणि खिशातला फोन थरथरत होता. यादवबुवा टाळ वाजवत होते, धोंडाबाई घोरत होती. बाकी मंडप रिकामा. सगळी कॉलनी नेर्लेकरला शोधायला गेलेली! चिमाजीबाबा खुर्ची अगदी त्याच्या समोर ओढून बसले होते.

"म्या इचारलं याला," बाबा मला म्हणाले, "बाळा, लय दमलास, यादवाच्या मांडीवर ठेवतो का? तर म्हणला, नाय, काकांनी सांगितलंय, गळ्यातच पाहिजे."

मी हात जोडले. "पाहुणे, माफ करा. तुमची कामं खोळंबली असतील."

"अकराला घाटात सराव होता," तो म्हणाला. "राहिला."

"मग ठेवून का नाही गेलात?"

त्यानं जरा विचार केला. "पहिली दहा मिनिटं नुसता वैताग आला, काका. तुमचाच. मग खांदा भरून आला. मग केव्हातरी खांदाही गेला आणि काहीच उरलं नाही. गाडीत होतं तसं झालं. वळण आलं की मी कोण, मागे कोण, काही आठवत नाही. नुसतं वळण असतं. पण ते चार सेकंद टिकतं. इथं केवढा वेळ टिकलं!"

"वा!" मी म्हणालो. "ट्रक चालवता वाटतं?"

"नाही, लहान गाडी."

मी वीणा गळ्यात घेतली. या वेळी रीत पाळली. मी त्याच्या पाया पडलो, तो माझ्या. त्यानं बाबांना नमस्कार केला, दारात जाऊन टोपी काढून पेटीत ठेवली आणि बाहेर पाऊल टाकलं. बाहेर मनाली अजून माझ्याकडून आभाराचे दोन शब्द ऐकायला थांबली होती.

"उदयन सर!" ती अशी ओरडली की धोंडाबाई घोरायची थांबली.

तोवर बारा मोटारसायकलीही परत येऊन पोचल्या. एकच गलका! बारा वाजता ज्याचा पहारा सुरू होणार होता तो दत्तू धावत आला. मी वीणेसह दोन पावलं पुढे झालो, तर तो मला वळसा घालून फोटोला पळाला! दहा पावलांवर उदयन नेर्लेकर, दारात सगळी कॉलनी, आणि आत वीणा गळ्यात घेऊन मी. समोर बाबा. बाबांनी भुवई वर केली. मी जागचा हललो नाही. नाम चालू ठेवलं.

दत्तू पंचवीस मिनिटांनी आला. नेर्लेकरला न्यायला आलेली जीप केव्हाच गेली होती. माझा प्रश्न विचारायचाच राहिला, म्हणून मी हळहळत होतो. दत्तूला वीणा देऊन वाकलो आणि वाकल्या-वाकल्याच डोक्यात उजेड पडला, की उत्तर तर मघाशीच मिळालं होतं. मी त्याला ट्रकवाला ठरवून मोकळा झालो होतो!

कलाबाईला सगळं सांगितलं. ती नुसती म्हणाली, "जाहिरात लागली की चहाला उठू नका."

आता कॉलनीत प्रत्येकाच्या फोनमध्ये नेर्लेकरबरोबरचा फोटो आहे. दत्तूच्या फोटोत तर मागे, मंडपाच्या अंधारात, मीही आहे: गळ्यात वीणा, डोळे पाणावलेले, तोंड उघडं. तो फोटो सप्ताहाच्या ग्रुपवर फिरला. परगावचे भाविक मला नमस्कार पाठवतात. लिहितात, "दारात एवढा मोठा माणूस, पण माउलींचं लक्ष ढळलं नाही! काय ही तल्लीनता!"

त्या क्षणी मी 'अहो, एक मिनिट थांबा की' म्हणत होतो. पण फोटोत आवाज येत नाही, आणि भाविकांचं मन मोडणं बरं नव्हे.